एकवीस नंबरची दावण

या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला घेतली तेव्हा घरातूनच विचारणा झाली, ‘अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यतीशी तुमचा काय संबंध?’ विचारणा रास्त होती. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या भालकीच्या माणसाने वेगात जाणारी मोटार पाहिली असेल तर ती पुण्याहून हैदराबादला निघालेली, राष्ट्रीय महामार्ग ६५ वर. तीही सस्तापूर बंगल्याजवळ गतिरोधक लागला की निमूट झालेली. शर्यतीची मोटार आम्ही फक्त टीव्हीवर पाहिली, तीसुद्धा दुसरं काही लागलं नव्हतं म्हणून.

ट्रक मात्र आम्हाला कळतो. बसवकल्याण आणि हुमनाबादच्या बाजूला ट्रक हा घरातला एक सभासदच असतो. थोरला भाऊ स्टिअरिंगवर, धाकटा चेसिसखाली ग्रीसने माखलेला, चुलता सोलापूरहून सुटे भाग आणणारा आणि डिझेलचा हिशोब वहीत उतरवणारी वहिनी. एका ट्रकावर असं अख्खं कुटुंब उभं राहिलेलं मी लहानपणापासून पाहत आलो. मालक कोण, असं विचारलं तर आरसी बुकात नाव असतं त्याचं सांगतात. पण ट्रक चालतो कुणामुळे, या प्रश्नाचं उत्तर आरसी बुकात सापडत नाही. या पुस्तकातली, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या वुड या शर्यतवाल्या कुटुंबाची हकीकत वाचताना हा प्रश्न माझ्या मनातून हलला नाही. म्हणूनच ही प्रस्तावना माझ्याकडे आली असावी. मोटारशर्यतीचं ज्ञान बघून आली असती तर चुकीच्या दारात आली म्हणावं लागलं असतं.

आधी शब्दांची ओळख करून देतो. ‘स्टॉक कार’ म्हणजे खास शर्यतीसाठी घडवलेली नाही, तर दुकानात कुणालाही विकत मिळेल अशी मोटार. निदान सुरुवातीला तसा अर्थ होता. आज त्या गाडीचं फक्त रूपडं बाजारातल्या मोटारीसारखं दिसतं, आत सगळा वेगळाच संसार असतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात चोरटी दारू गाळून रातोरात शहरात पोचवणारे लोक होते. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून ते साध्या फोर्ड गाड्यांची इंजिनं तयार करून घेत. दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण कर चुकवण्याचा धंदा चालूच राहिला आणि गाड्याही पळत राहिल्या. हातभट्टीची वाहतूक करणाऱ्यांनी एका राष्ट्रीय खेळाला पहिले चालक आणि मिस्त्री पुरवावेत, यात सीमाभागातल्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही. १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था स्थापन झाली आणि या धावपळीला नियम, गुण, बक्षिसं मिळाली. तिथलीच पिकअप ट्रकांची स्वतंत्र स्पर्धा १९९५ पासूनची.

नॅसकारनंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, व्हर्जिनिया राज्याच्या पॅट्रिक काउंटीत, स्टुअर्ट नावाच्या लहानशा गावाजवळ ग्लेन वुड या पंचविशीतल्या तरुणाने एका मित्राच्या भागीदारीत १९३८ सालची जुनी फोर्ड पन्नास डॉलरला घेतली. वडील वॉल्टर शेती करत, लाकडाचा धंदा करत आणि लोकांच्या गाड्या दुरुस्तही करत. ग्लेन स्वतः लाकूडतोड्या होता आणि पुढे शर्यतीत त्याला त्याच नावाने ओळखू लागले. भाऊ पाच : ग्लेन, लिओनार्ड, डेलानो, क्ले आणि रे ली. आमच्याकडे पाच भाऊ म्हटलं की आधी वाटणीची आठवण येते, विहिरीच्या पाळ्या आठवतात. या पाच जणांनी एका मोडक्या गाडीभोवती एकत्र राहायचं ठरवलं.

पहिल्याच शर्यतीत गाडी ठोकली गेली. मागचा आस वाकला. दुसऱ्या गाडीला बांधून घरी नेताना पेट्रोल सांडलं आणि गाडीने पेट घेतला. एवढ्यावर शहाणा माणूस लाकडाच्या वखारीत परत गेला असता.

ग्लेन चालक म्हणून चांगला होता. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत त्याने चार शर्यती जिंकल्या, चारही विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियममध्ये, फुटबॉलच्या मैदानाला वेढणाऱ्या पाव मैलाच्या चिमुकल्या वाटोळ्यावर. पण मोठ्या ट्रॅकचा काळ येत होता. १९५९ मध्ये डेटोनाचा अडीच मैलांचा, वळणांवर भिंतीसारखा उभा ट्रॅक सुरू झाला. ग्लेन हळूहळू चाकावरून उतरला. १९६४ नंतर त्याने शर्यत चालवलीच नाही, दुसऱ्याला बसवलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा सांधा इथे आहे. ज्याने घराणं उभं केलं तोच चालकाच्या जागेवरून बाजूला झाला. पुढे घरातल्या एका नातवाने काही वर्षं शर्यती चालवल्या, पण वुड कुटुंबाने आपली पत कधी स्वतःच्या चालकावर टांगली नाही. नंबर २१ त्यांचा, आणि गाडी अगदी पहिल्या दिवसापासून आजवर फोर्ड कंपनीचीच. चाकावरचा माणूस तेवढा बदलत गेला.

मग त्यांच्याकडे स्वतःचं असं काय होतं? त्यांच्याकडे थांबणं होतं.

पाचशे मैलांच्या शर्यतीत गाडीला टायर बदलायला, पेट्रोल भरायला अनेकदा बाजूला यावं लागतं. त्या जागेला पिट म्हणतात. पन्नासच्या दशकात हा थांबा म्हणजे जरा श्वास घ्यायची सवड होती. चालक पाणी प्यायचा, मिस्त्री बॉनेट उघडून बघायचे. लिओनार्डच्या डोक्यात आलं की ट्रॅकवर एक सेकंद वाचवायला इंजिनावर महिनोन् महिने खपावं लागतं, आणि इथे उभ्या गाडीजवळ पाच-दहा सेकंद तसेच सांडत आहेत. त्याने कामं वाटून दिली. कोण कुठून धावत येणार, कोणत्या चाकाचे नट कोण सोडणार, जॅक कोण लावणार, हे आधीच ठरलेलं. जॅकचं काम डेलानोकडे, आणि ते त्याने कित्येक वर्षं केलं. साधनांनाही लिओनार्डने हात घातला. जॅकपासून पेट्रोलच्या डब्याच्या तोंडापर्यंत प्रत्येक वस्तू घासून, कापून, बदलून पाहिली. आमच्या पंक्चरवाल्याकडे टॉमी, पाना आणि जॅक ज्या क्रमाने अंथरलेले असतात तो क्रम तो कुणाला मोडू देत नाही. त्या शिस्तीची ही फार मोठी बहीण.

याचा कळस १९६५ मध्ये झाला आणि तोही परक्या अंगणात. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत ही स्टॉक कारवाल्यांची नव्हे. तिथे उघड्या चाकांच्या, खास बांधणीच्या गाड्या धावतात आणि तिथली मंडळी दक्षिणेकडच्या या गॅरेजवाल्यांकडे जरा वरूनच पाहत. आदल्या वर्षी, १९६४ मध्ये, तिथे भीषण आग लागून एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोन चालक गेले होते. त्यामुळे दाबाने इंधन भरण्याच्या यंत्रांवर बंदी आली. आता उंचावरच्या टाकीतून, केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरेल तेवढंच इंधन घ्यायचं. स्कॉटलंडचा जिम क्लार्क लोटसच्या गाडीत होता, इंजिन फोर्डचं. फोर्डने वुड बंधूंना बोलावून पिट त्यांच्या स्वाधीन केली. इंग्लंडचा कारखाना, स्कॉटिश चालक आणि व्हर्जिनियाच्या डोंगरातले भाऊ. एकमेकांचे उच्चार तरी किती कळले असतील, शंकाच आहे. सीमाभागात आम्ही एका दुकानात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगूत सौदा करतो, म्हणून मला त्या पिटमधल्या संभाषणाची थोडी कल्पना येते. काम हातात असलं की भाषा मागून येते.

लिओनार्डने टाकीपासून नळीपर्यंतचा मार्ग पाहिला. इंधन कुठे अडतं, कुठे भोवरा होतो, कुठली कड खरखरीत आहे, हे हात फिरवून शोधलं आणि गुळगुळीत केलं. शेतात पाट काढणाऱ्याला ही विद्या शिकवावी लागत नाही. उतार तोच ठेवून पाणी लवकर न्यायचं असेल तर पाटातलं गवत आणि ढेकळं काढावी लागतात. शर्यतीच्या दिवशी क्लार्क दोनदा थांबला. दोन्ही थांबे मिळून पाऊण मिनिटही लागलं नाही. क्लार्क जिंकला. इंजिन मागे बसवलेल्या गाडीने ही शर्यत जिंकण्याची ती पहिली वेळ. इतिहासाच्या पुस्तकात ठळक अक्षरात तेच छापलेलं असतं. इंधनाच्या नळीचा मजकूर बारीक टाइपात.

थांबण्याइतकंच न थांबण्याचंही शास्त्र त्यांना कळलं होतं. १९६३ च्या डेटोना ५०० या, डेटोनाच्या पाचशे मैलांच्या शर्यतीच्या आधी त्यांचा चालक मार्विन पँच दुसऱ्याच एका गाडीची चाचणी घेताना उलटला आणि गाडी पेटली. त्याला बाहेर ओढणाऱ्यांत टायनी लुंड हा धिप्पाड चालक होता, ज्याच्याकडे त्या शर्यतीसाठी गाडी नव्हती. पँचने दवाखान्यातून निरोप दिला, माझी गाडी लुंडला द्या. वुड बंधूंनी दिली, आणि पेट्रोलची मोजदाद इतकी काटेकोर केली की लुंड इतरांपेक्षा एक थांबा कमी घेऊन, टायरच्या एकाच संचावर शर्यत जिंकून गेला. चित्रपटात घातली तर खोटी वाटेल अशी ही गोष्ट आहे.

त्यानंतरची यादी मी पळत सांगतो. १९६८ मध्ये केल यारबरो, १९७२ मध्ये ए. जे. फॉइट, दोघांनीही डेटोना ५०० जिंकली. सविस्तर सांगण्याजोगा माणूस डेव्हिड पिअरसन. १९७२ ते १९७९ या काळात तो आणि वुड बंधू मिळून ४३ शर्यती जिंकले. १९७३ मध्ये तर १८ शर्यती खेळून ११ जिंकल्या. सगळ्या शर्यती खेळायच्याच नाहीत, मोजक्या आणि मोठ्या खेळायच्या, हा त्यांचा हिशेब होता. अजिंक्यपदाच्या गुणांपेक्षा बक्षिसाच्या रकमेकडे आणि प्रवासखर्चाकडे पाहणारा. घर चालवणाऱ्या माणसाचा हिशेब.

१९७६ च्या डेटोनात शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर पिअरसन आणि रिचर्ड पेटी एकमेकांना धडकले. दोन्ही गाड्या भिंतीला आपटून गवतात आल्या. पेटी रेषेच्या अगदी जवळ होता, पण इंजिन बंद पडलेलं. पिअरसनने गिरक्या खातानाही क्लच दाबून धरला होता, इंजिन मरू दिलं नाही. रेडिओवर ग्लेनचा मुलगा एडी होता. त्याच्याकडे पिअरसनने पेटीची चौकशी केली, आणि मग चेपलेली गाडी बैलगाडीच्या चालीने ओढत रेषेपलीकडे नेली. अमेरिकेत या शेवटाचं चित्रण आजही पुन्हा पुन्हा दाखवतात.

आणि तोच पिअरसन तीन वर्षांनी पिटमध्येच हरवला. एप्रिल १९७९, डार्लिंग्टनची शर्यत. मिस्त्री चारही चाकं बदलणार होते. पिअरसनला वाटलं दोनच. डाव्या बाजूचे नट सुटलेले असताना त्याने गाडी दामटली आणि पिटच्या तोंडाशीच दोन चाकं निखळून पडली. थोड्याच दिवसांत जोडी फुटली. इतकी वर्षं न बोलता एकमेकांचं कळणारी माणसं एका न ऐकलेल्या वाक्यावर तुटतात. आमच्याकडे भाऊबंदकीचे कज्जे कोर्टात वीस वर्षं चालतात, त्यांचं मूळ शोधायला गेलं तर बहुधा असंच एखादं वाक्य निघतं.

पेटींचं नाव आलंच आहे तर त्यांच्याविषयी थोडं. नॉर्थ कॅरोलायनातल्या लेव्हल क्रॉस गावचं हे घराणं १९४९ पासूनचं, वुडांपेक्षा एका वर्षाने थोरलं आणि कीर्तीनेही थोरलं. ली पेटीने १९५९ ची पहिली डेटोना ५०० जिंकली. छायाचित्रं तपासून निकाल लागायला तीन दिवस गेले. त्याचा मुलगा रिचर्ड सात वेळा अजिंक्य, २०० विजयांचा धनी. रिचर्डचा काइल, काइलचा अ‍ॅडम. चार पिढ्या, आणि चौघेही चाकावर. ५ एप्रिल २००० रोजी पणजोबा ली वारला आणि १२ मे रोजी एकोणीस वर्षांचा अ‍ॅडम न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर सरावात गेला. घराण्याचा वारसाच चाकावर होता, तो तिथेच संपला. पेटी एंटरप्रायझेस पुढे काही वर्षं चालली आणि २००९ च्या सुरुवातीला दुसऱ्या संघात विलीन झाली. वुडांकडे असा राजा कधीच नव्हता. म्हणून त्यांचं सिंहासन रिकामंही पडलं नाही. पेटींविषयी लिहिताना माझा हात जड होतो, पण दोन घराणी शेजारी ठेवल्याशिवाय वुडांनी चाक सोडल्याची किंमत कळत नाही.

आता आमच्या शर्यतीकडे येतो, नाहीतर गावातले वाचक मला उपरा म्हणतील. ज्येष्ठ पौर्णिमेला आमच्याकडे कारहुणवी. बैलांना आंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल, पुरणाचा नैवेद्य आणि संध्याकाळी वेशीवर कर तोडणं. निंबाचा पाला बांधलेली दोरी वेशीत आडवी धरतात, बैल सोडतात आणि ज्याचा बैल ती आधी तोडून आत येईल त्याचा त्या वर्षी मान. पांढरा बैल पहिला आला तर जोंधळा पिकणार, तांबडा आला तर तांबड्या धान्याचं वर्ष. हवामान खात्याचा अंदाज वेगळा असला तरी आमच्या आजोबांनी खातं कधी मानलं नाही.

आमची जात देवणी. उदगीर, देवणी, भालकी, औरादच्या पट्ट्यातली. अंगावरच्या काळ्या-पांढऱ्यावरून वानेरा, बालंक्या, शेवरा अशी तिची नावं. देवणी भारदस्त, ओढीला खंबीर, गायही दूध देणारी. पण पळायला खिल्लार. त्यामुळे शर्यतीचा नाद ज्या घराला लागतो ते घर सोलापूर-सांगलीकडच्या बाजारातून खिल्लार विकत आणतं. पळणारा बाहेरचा आणि दावण घरची. खुराक, मालिश, पोहणी, पत्री मारणं, शर्यतीच्या आदल्या रात्री गोठ्यात झोपणं, हे सगळं घरच्यांच्या अंगावर. बैल बदलतात, विकले जातात, म्हातारे होतात. लोक मात्र ‘अमक्यांची दावण’ असंच म्हणतात. २१ नंबरची गोष्ट वाचताना मला ही दावण दिसत होती.

या दावणींवर मध्ये कठीण काळ आला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टूसह बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. मग तामिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्त्या केल्या. महाराष्ट्रात शर्यती पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडलं आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. शेपटीला चावणारे, टोचणी वापरणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या घरी मी पाणी पीत नाही. पण त्या सात-आठ वर्षांत ज्यांनी पळणारा बैल विकला नाही, नुसता बांधून पोसला, त्यांचा खर्च कुणी मांडला नाही.

वुड कुटुंबावरही असा काळ आला. शर्यत महाग झाली, एकेका मालकाचे चार-चार गाड्यांचे संघ आले, आणि डोंगरातल्या गॅरेजला मुक्काम हलवून शर्यतीचं माहेरघर असलेल्या मूर्सव्हिलच्या परिसरात यावं लागलं. दुसऱ्या संघाशी भागीदारी करून पाहिली. त्याच काळात, २००६ च्या सुमारास, त्यांनी पिकअप ट्रकांच्या मालिकेतही गाड्या उतरवल्या. त्यांच्या ट्रकवर मार्कोस अँब्रोज हा ऑस्ट्रेलियन चालक होता, घरचा नातू जॉनही त्या मालिकेत चालवून गेला. ट्रकांचं प्रकरण फार टिकलं नाही. २००९ पासून कित्येक वर्षं त्यांना पूर्ण हंगाम खेळणंही परवडलं नाही. आणि ऐन त्या हलाखीत, २० फेब्रुवारी २०११ रोजी, ट्रेव्हर बेन नावाच्या मुलाने २१ नंबरच्या गाडीतून डेटोना ५०० जिंकली. आदल्या दिवशी तो वीस वर्षांचा झाला होता आणि या मालिकेतली ती त्याची दुसरीच शर्यत होती. विजेत्याने गाडी कुठे वळवायची हेही त्याला नीट ठाऊक नव्हतं.

ट्रकांचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडेही ट्रकांची शर्यत झाली होती, हे अनेकांना आठवत नसेल. २३ मार्च २०१४ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर टाटांनी आपले प्राइमा ट्रक पळवले. सुरुवातीला चालक परदेशी, नंतर आपल्याकडचे ट्रकचालक निवडून, शिकवून उतरवले गेले. ती बातमी हुमनाबादच्या एका ढाब्यावर टीव्हीत पाहिली तेव्हा शेजारचा चालक म्हणाला होता, आम्ही हे रोज भरल्या हौदासकट करतो. चार हंगाम ती स्पर्धा चालली. संघ मात्र कंपन्यांचे आणि पुरस्कर्त्यांचे होते. कुठल्या घराचा ट्रक त्यात नव्हता, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

घराण्याच्या इतिहासात बायकांची पानं नेहमीच कमी पडतात. या पुस्तकातही ग्लेनची बायको बर्नीस आणि मुलगी किम यांच्याविषयी मला आणखी वाचायला आवडलं असतं. एडी, लेन आणि किम या तिघा भावंडांनी मालकी पुढे नेली, हे वाचक विसरणार नाहीत अशी आशा आहे. ग्लेन १८ जानेवारी २०१९ ला गेला, त्र्याण्णव वर्षांचा होऊन. ऑगस्ट २०२४ मध्ये डेटोनावरच हॅरिसन बर्टनने वुडांना शंभरावा विजय मिळवून दिला. त्याआधीच त्याला पुढच्या हंगामासाठी मोकळं केलेलं होतं. जिंकणारा बैलही विकला जातो, हे वर लिहिलंच आहे. मार्च २०२५ मध्ये लास व्हेगासला जॉश बेरीने एकशे एकावा विजय आणला.

ज्यांना शर्यतीत गोडी नाही त्यांनी पुस्तक इंडियानापोलिसच्या प्रकरणापासून उघडावं आणि मग मागे यावं. गॅरेजवाल्यांनी कुठूनही वाचावं, त्यांना सगळंच कळेल. मी हे लिहीत असताना लिओनार्ड वुड नव्वदीत आहे. स्टुअर्टच्या जुन्या गॅरेजच्या जागी आता संग्रहालय आहे, आणि पन्नास डॉलरच्या फोर्डपासूनचा हिशेब तिथे मांडलेला आहे. आज आमच्याकडे कर तोडायची आहे, बाहेर हलगी वाजते आहे. एवढं लिहून उठतो.

भालकी, ज्येष्ठ पौर्णिमा, २०२५